अंकलगे घराण्याचा दगड

म्हैसूरहून भुवनेश्वरीचा फोन आला तेव्हा गुरुशांत अंकलगे शेंगाचटणीत दही कालवत होते.

"अप्पा, मामंजी आन् अत्याबाई पुढच्या शनिवारी सोलापूरला यायलेत. मीबी येणार सोबत. आपला दगड बघायला!"

कालवणारं बोट वाटीत जागच्या जागी थांबलं. कुठला दगड, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी त्यांना तो दगड आठवला. आठवला म्हणणंही चुकीचंच, कारण असा कुठला दगड या भूतलावर नव्हता. तो गुरुशांतअण्णांनी चार महिन्यांपूर्वी म्हैसूरच्या राजवाड्यात, अनवाणी उभं राहून, तोंडानं घडवला होता.

त्याचं असं झालं. लेकीच्या लग्नानंतर अण्णा आणि त्यांच्या पत्नी कमलम्मा पहिल्यांदाच तिच्या सासरी गेले होते. व्याही बसलिंगप्पा यांनी त्यांना तीन दिवस राजवाडे दाखवले. चपला काढा, राजवाडा बघा, चपला घाला, पुढच्या राजवाड्यात जाऊन पुन्हा काढा. अण्णांनी सोलापुरातल्या एका शाळेत हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेला. इतकं चालायची सवय नाही, त्यात डाव्या पायाला कुरूप. आणि प्रत्येक खांबापाशी विहीणबाई गंगम्मा थांबून विचारणार, "तुमच्या सोलापुरात असं काय आहे हो? चादरी ना?" पहिल्या खांबाला अण्णा हसले. दहाव्या खांबालाही हसले, पण तोवर हसण्याचे स्नायू दुखायला लागले होते.

तिसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मिरवणुकीचं एक भलंमोठं चित्र आलं. बसलिंगप्पांनी छाती पुढे काढून बोट दाखवलं. "हत्तीच्या मागं तिसरा, पागोटंवाला. आमचे आजोबा!" गंगम्मांनी तिथल्या तिथे हात जोडले. आता व्याह्याचे आजोबा चित्रात हत्तीमागे चालतात आणि आपले आजोबा अक्कलकोटच्या बाजारात भुसार विकायचे, हा विचार ज्या माणसाच्या मनात अनवाणी पायांनी येतो, त्याचं काय होत असेल ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं. अण्णांच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या खापरपणजोबांचं नाव सोलापूरच्या किल्ल्यात दगडावर कोरलंय. राजानं दिलेला मान हाय तो." कुठला राजा, हे कुणी विचारलं नाही. कमलम्मांनी मात्र पायावर पाय दिला, आणि तो नेमका कुरपावर दिला.

सोलापूरला परतल्यावर अण्णा ते विसरूनही गेले. भुवनेश्वरी विसरली नव्हती. सासूनं चादरींचा विषय काढला की ती दगड पुढे करायची. कुणाची पोर म्हणून गल्लीत विचारलं की दगड. दिवाळीला आलेल्या जावांपुढे दगड. परक्या गावात पोरीनं त्या दगडाचा आडोसा केला होता आणि आता सासू म्हणाली होती, "एवढं म्हणतेस तर एकदा बघूनच येऊ."

"अप्पा, नीट दाखवा बरं का," फोन ठेवताना ती म्हणाली, "मी लई जणांना सांगून ठेवलंय."

अण्णांनी दहीचटणीची वाटी बाजूला सारली. लग्नापासून पस्तीस वर्षांत त्यांनी ताटात चटणी टाकलेली कमलम्मांनी पाहिली नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "आता भोगा. पण माझ्या पोरीची मान खाली गेली तर तुमच्याशी बोलणार न्हाई मी." हे धमकीच्या सुरात नव्हतं, म्हणून अण्णा जास्त घाबरले.

असल्या वेळी सल्ला द्यायला शेजारी सोमलिंग होतेच. ते कायम होतेच. अण्णांनी कुंपणापाशी सगळं सांगितलं, तेव्हा सोमलिंग आधी पोट धरून हसले आणि मग गंभीर झाले. त्यांचं गंभीर होणं हे हसण्यापेक्षा महाग पडतं असा गल्लीचा अनुभव आहे.

"घाबरतोस कशाला बे? किल्ल्यात दगडाला काय तोटा हाय? एक धरायचा आन् आपला म्हणायचं."

"अक्षरं पाहिजेत की त्याच्यावर."

"अक्षरंवाला धर. झिजलेला धर. वाचता येत न्हाई म्हणजे भांडण न्हाई."

सोलापूरचा माणूस किल्ल्यात दोनदाच जातो, एकदा शाळेच्या सहलीला आणि एकदा पाहुणे आले की. अण्णांची सहल चौथीत झाली होती. रोज किल्ल्याच्या तटावर नजर टाकत सिद्धेश्वराच्या देवळात जाणारा हा माणूस दुसऱ्या दिवशी तिकीट काढून, आपण परगावचे आहोत असा चेहरा करून आत शिरला. उन्हात फिरफिर फिरला. झाडाखाली गप्पा मारत बसलेली दोन-तीन जोडपी त्याला बघून उठून गेली. शेवटी मागच्या अंगाला, एका लिंबाच्या सावलीत, अर्धा जमिनीत रुतलेला काळा दगड सापडला. वर चंद्र, सूर्य, मधे पिंड, आणि खाली गोल गोल अक्षरांच्या ओळी, पार झिजलेल्या. अक्षरं कानडी होती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. अंकलग्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कानडी बोललं जातं. चुलीपाशी कानडी, रस्त्यावर मराठी आणि भांडण वाढलं की दोन्ही. पण शाळा सगळ्यांच्या मराठी. त्यामुळे अण्णांना कानडीत बोलता येतं, शिव्या देता येतात, रडता येतं, भक्तीची वचनं म्हणता येतात, फक्त वाचता येत नाही. विजापूरच्या बसची पाटीसुद्धा त्यांना शेजारच्या माणसाला विचारावी लागते. दगडावर काय लिहिलंय ते त्यांना कळलं नाही आणि कळत नाही याचाच त्यांना फार आनंद झाला. त्यांनी दगडाला नमस्कार केला आणि "आजपासून तुम्ही आमचे," असं पुटपुटले.

पण हेडक्लार्कचा जीव. समजा हे कुणी आधीच वाचून छापून ठेवलं असलं तर? खात्री केलेली बरी म्हणून ते एका सरकारी कचेरीत गेले. तिथल्या बाबूनं चष्मा कपाळावर चढवला.

"दगडाशी तुमचं नातं काय?"

"नातं म्हणजे... तसं काही न्हाई. नुसती चौकशी."

"चौकशीलाबी कारण लागतं की. वारस म्हणून दावा लावायचाय का?"

"न्हाई, न्हाई!"

"मग दगड हलवायचाय?"

"अहो, मी कशाला हलवतोय!"

"तसं लिहून द्या. दगड हलवणार न्हाई, दगडावर हक्क सांगणार न्हाई. नकाशावर जागा दाखवा, तीन प्रतींत." बाबूनं आवाज खाली आणला. "हक्क सांगितला तर गुन्हा व्हतो, सांगून ठेवतो."

तीन प्रती म्हणजे काय असतं हे अण्णांइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी स्वतः जन्मभर लोकांकडून तीन प्रती मागितल्या होत्या. ते "येतो" म्हणून उठले आणि जिना उतरताना घामानं भिजले. खोटं नुसतं होतं तोवर घरातलं होतं, आता ते गुन्हा होण्याच्या बेतात आलं होतं.

पुढचा घाव बुधवारी बसला. भुवनेश्वरीनं फोनवर सहज सांगितलं, "मामंजींनी नवीन भिंग घेतलंय, अप्पा. लई खूश हायत. जुनं कानडी हा त्यांचा जीव की. तीस वर्षं तेच शिकवलं त्यांनी."

म्हैसूरला सगळे बसलिंगप्पांना "मास्तर, मास्तर" म्हणायचे, ते ऐकून अण्णांनी ते गणिताचे असावेत असं धरून ठेवलं होतं. का, ते विचारू नका. माणूस जाडा चष्मा लावतो, हिशोबानं बोलतो, गणिताचाच असणार. सगळं भारतवर्ष मोकळं पडलेलं असताना आपण जुन्या कानडीच्या मास्तराला कानडी दगड दाखवायला निघालोय, ही गोष्ट हळूहळू त्यांच्या ध्यानात आली.

सोमलिंगांनी आता नवा मार्ग काढला. "खायला घाल. इतकं घाल की दारापर्यंत चालवायचं न्हाई."

त्याप्रमाणे शनिवारी पाहुणे उतरले तेव्हा कमलम्मांनी खपली गव्हाची हुग्गी म्हणजे गोड खीर, शेंगापोळी, त्यावर तूप, कडक भाकरी, वांग्याचं भरीत, अशी फौज उभी केली होती. आग्रहाच्या बाबतीत अण्णांनी लाज सोडली. विहीणबाईंच्या ताटात पाचवी शेंगापोळी पडली तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्हाला मारायला बोलावलंत का हो?" जेवण झाल्यावर त्या आडव्या झाल्या आणि घोरायला लागल्या. अण्णांना आशा वाटली. पण बसलिंगप्पा मात्र पानाचा विडा तोंडात टाकून खुर्चीत ताठ बसले होते आणि हातरुमालानं भिंग पुसत होते.

"दगड उन्हं कलल्यावर बघायचा," ते म्हणाले. ते म्हैसूरच्या तुपातल्या कानडीत बोलायचे आणि अण्णा सोलापूरच्या तिखटातल्या. आपण दोन्ही मराठीतच ऐकू. "तिरपं ऊन पडलं की झिजलेलं अक्षरसुद्धा उठून दिसतं. आणि व्याही, मूठभर ज्वारीचं पीठ घ्या बरोबर. अक्षरात भरलं की छान वाचता येतं."

मंगळवेढ्याच्या ज्वारीचं पांढरंशुभ्र पीठ पुडीत बांधून देताना कमलम्मांनी दोऱ्याला चार गाठी मारल्या.

वाटेत अण्णांनी वेळ काढायचा शेवटचा प्रयत्न केला. रिक्षा मुद्दाम नवी पेठेतून घेतली, तिथल्या गर्दीत ती अर्धा तास अडकेल या भरवशावर. नेहमी अडकते. त्या दिवशी मात्र लोकांनी कसं कोण जाणे, वाट करून दिली. मग इंद्रभुवनापाशी थांबवली. "हा बघा आमचा राजवाडा!" गंगम्मांनी मान वर करून त्या नक्षीदार इमारतीकडे बराच वेळ बघितलं. त्यांना ती आवडली होती, हे त्यांच्या गप्प राहण्यावरून कळत होतं.

"राजा कोण राहतो इथं?"

"राजा न्हाई. महानगरपालिका."

"हत्ती?"

"हत्ती... सध्या न्हाई."

"बरं," गंगम्मा म्हणाल्या, "मग आता दगडच बघू." भुवनेश्वरीनं बापाकडे अशा विश्वासानं बघितलं की अण्णांना रिक्षातून उडी टाकावीशी वाटली.

किल्ल्यात शिरताना त्यांनी आभाळाकडे पाहिलं. एक ढग, देवा, फक्त एक ढग. आभाळ कोरडं ठणठणीत होतं. लिंबाखाली पोचले तर ऊन अगदी तिरपं होऊन दगडावर येऊन बसलेलं. बसलिंगप्पांनी गुडघे टेकले, चंद्र-सूर्य बघून "वा!" म्हणाले आणि पिठाची पुडी सोडली.

"ओ काका! ओ! काय लावायलाव तितं?" पलीकडून रखवालदार धावत आला. "पीठबिठ लावायचं न्हाई. दगड खराब व्हतंय."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. या माणसाला मिठी मारावी असं त्यांना मनापासून वाटलं. "बरोबर हाय यांचं!" ते मोठ्यांदा म्हणाले. "नियम म्हणजे नियम! चला, व्याही, उगाच कशाला? तळ्यावर जाऊन बसू, थंडगार वारं असतं."

"बरोबर आहे त्याचं," बसलिंगप्पाही म्हणाले आणि पुडी परत बांधली. "शिकवतानासुद्धा मी पोरांना सांगायचो, दगडाला हात लावू नका." अण्णांचा जीव भांड्यात पडला. "आणि पीठ लागणारच नाही. ऊन मस्त आहे. सरळ वाचता येतंय."

जीव भांड्यातून बाहेर आला. बसलिंगप्पा भिंग घेऊन वाकले. गंगम्मा कमरेवर हात ठेवून मागे उभ्या राहिल्या. पीठ सांडणार तर नाही ना हे बघायला थांबलेला रखवालदारही उभा राहिला, त्याला बघून फिरायला आलेले चार-पाच लोक जमले. भुवनेश्वरी मोबाइल धरून सज्ज. सासरच्या सगळ्या जावांना ते चित्रण जाणार होतं. कमलम्मांनी डोळे मिटून घेतले.

बसलिंगप्पांचे ओठ हलत होते. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीपाशी त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी भिंग पुसलं आणि पुन्हा वाचलं. मग मान वळवून अण्णांकडे पाहिलं.

अण्णांना तोंड लपवायला जागा नव्हती. आजवर शाळेत कितीतरी पोरं खोटा दाखला घेऊन त्यांच्या टेबलापुढे उभी राहिली होती, त्यांचे चेहरे कसे दिसायचे ते त्यांना आत्ता आतून कळत होतं. त्यांनी नुसतं लेकीकडे बघितलं. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. बसलिंगप्पांनीही त्यांच्या नजरेमागून सुनेकडे बघितलं.

"काय हो, आहे का नाव?" गंगम्मांनी विचारलं.

मास्तर घसा खाकरून उभे राहिले. एक हात वर करून, वर्गात कविता म्हणावी तसं त्यांनी जुनं कानडी खणखणीत चालीवर म्हटलं. कुणाला काही कळलं नाही, पण अंगावर काटा सगळ्यांच्या आला. मग त्यांनी अर्थ सांगितला. "चंद्र-सूर्य आहेत तोवर. अंकलगे गावचा शिवभक्त गुरुशांत शेट्टी, यानं देवाच्या नंदादीपासाठी जमीन दिली, म्हणून राजानं त्याला मान दिला." आणि भिंग खिशात टाकून ते म्हणाले, "नाव स्पष्ट आहे."

रखवालदारानं टाळ्या वाजवल्या. गंगम्मांनी पदर डोक्यावर घेऊन दगडाला नमस्कार केला, कुंकवाची डबी काढली आणि रखवालदाराच्या तोंडाकडे बघून परत ठेवली. मग सुनेचा हात धरून त्या म्हणाल्या, "हळू चल गं, खाली खड्डे आहेत." लग्नानंतर विहीणबाईंनी पोरीचा हात धरलेला कमलम्मा पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांना हुंदका आला आणि त्यांनी तो धुळीवर ढकलला.

आता सगळं निभावलं म्हणून अण्णांनी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. तसं झालं नाही. दगडावर लिहिलेलं ऐकून सगळ्यात जास्त काटा त्यांच्याच अंगावर आला होता. रात्री अंथरुणावर बसून कमलम्मांना म्हणाले, "रक्ताला कळतं बघ. मी म्हैसूरला उगाच बोललो न्हाई. आतून आलं ते. नाव गुरुशांतच! माझंच नाव!"

"अहो, ते तुम्ही थाप मारली होती."

"मलाबी तसंच वाटलं होतं," अण्णा खोल आवाजात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते पाहुण्यांशी दोन बोटं उंचीवरून बोलत होते. सोमलिंगांना त्यांनी कुंपणावरून "काय, सोमलिंग?" अशी नुसती हाक मारली, सल्ला मागितला नाही. रविवारी सकाळी एकटेच जाऊन दगडासमोर उभे राहून आले. भुसार विकणारे आजोबा आता त्यांना भुसार विकताना दिसत नव्हते, कुठल्यातरी घोड्यावर दिसत होते.

संध्याकाळी स्टेशनवर म्हैसूरच्या गाडीला उशीर होता. बायका बाकावर बसल्या. गंगम्मा सुनेच्या मांडीवर शेंगापोळीचा डबा ठेवून तिला काहीतरी कौतुकानं सांगत होत्या. दोघे व्याही फलाटाच्या टोकाशी फिरायला गेले. अण्णा मागे हात बांधून चालले होते, खानदानी चालीनं.

"व्याही, त्या ओळींत पुढं काय हाय हो? जमीन किती दिली? राजा कुठला?"

"पुढं? पुढं शाप आहे. बहुतेक दानाच्या दगडांवर असतो. तेवढीच ओळ मला लागली. दुसऱ्याचं दान जो आपलं म्हणेल, तो साठ हजार वर्षं घाणीतला किडा होईल."

"आन् नाव?"

"नावाच्या जागेचा टवका उडालाय, व्याही. तिथं काहीच नाही."

अण्णांचा घोडा, त्यावरचे आजोबा, राजा, सगळं एकदम फलाटावर उतरलं. पळावं म्हटलं तर पलीकडे बाकावर लेक हसत बसली होती. ती सासूच्या तोंडात शेंगापोळीचा तुकडा भरवत होती. "मास्तर..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"पोर माझ्याही घरात राहते," बसलिंगप्पा म्हणाले.

गाडीची शिटी लांबून ऐकू आली. बसलिंगप्पा वळले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज मास्तरासारखा राहिला नाही. आजूबाजूला बघून ते हळूच म्हणाले, "दसऱ्याला तुम्ही येणारच. ते चित्र पुन्हा बघायचंय. गंगम्माला अधूनमधून शंका येते. तेव्हा तुम्ही आपणहून एवढंच म्हणा, की हत्तीमागच्या त्या तिसऱ्याचं नाक अगदी माझ्यासारखं आहे."

अण्णांनी ते नाक नीट निरखलं.

"म्हणतो की," ते म्हणाले. "पण मास्तर, ती साठ हजार वर्षं?"

"दोघं असलो म्हणजे जातील हो," बसलिंगप्पा म्हणाले आणि बॅग उचलायला निघाले.